पेस्ट नंतर, आधी कारण

मान वर कर आणि तो लॅपटॉप पिशवीतून काढ. तळाचं झाकण सेलोटेपने चिकटवलंयस. उरलेले स्क्रू कुठे आहेत? गादीखाली सापडतील म्हणे! वा.

फार तापत होता, म्हणून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदललीस. तापत होता म्हणजे किती? आकडा सांग. नुसता चालू असताना किती, व्हिडिओ बघताना किती? पाहिलंच नाहीस. मग आता सुधारला की बिघडला, हे कशावरून ठरवणार, हात लावून? तापमान दाखवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. लॅपटॉपचे बरेचसे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. ‘मंद चालतो’ ही तुझी तक्रार तिथूनच आली असेल. करोल बागेत राहतोस, मे-जूनमध्ये पारा ४५च्या घरात जातो, वर दिल्लीची धूळ. फॅनसमोरच्या जाळीत ती गच्च बसली आहे, हवा बाहेर पडायला वाट नाही. ती तशीच ठेवून पेस्ट बदललीस. काय साधलंस?

आणि पेस्ट तरी किती थापलीस! कडेने ओघळलीय. एकाच मापाने मोजली तर तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता सुमारे ४००, बऱ्या पेस्टची ५ ते १०, हवेची ०.०२६. या आकड्यांत सगळा धडा आहे. चिप आणि हीटसिंकचं तांबं यांच्यामधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांतली हवा हटवणं एवढंच पेस्टचं काम. जाड थर दिलास की तीच उष्णतेच्या वाटेत आडवी येते. शिवाय बाजूच्या चिपांवरचे मऊ पॅड काढून तिथेही पेस्ट भरलीस. तिथली फट मिलिमीटरभर असते, पेस्ट ती भरून काढत नाही. त्या चिपा आता उघड्यावर पडल्या.

हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, ते शोभेसाठी नाहीत. त्या क्रमाने, थोडं थोडं पिळायचं. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं. एका बाजूने दाबलंस तर कोपरा उडतो.

तुझे वडील विट्याहून गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी, इथे आले. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं या कामावर उभी राहिली. सोनं १०६४ अंशांना वितळतं. तिथे अंदाजपंचे मूस उचललेली चालते का? जमिनीवरची झाडलोटसुद्धा ते जपून ठेवतात, तिच्यात कण असतो म्हणून. त्या घरातला तू, आणि तुला स्क्रू सांभाळता येत नाहीत?

‘जुनाच तर आहे’ हे पुन्हा ऐकवू नकोस. नव्याचं बिघडलं तर वॉरंटी असते. जुन्याचा भाग मिळेलच असं नाही, म्हणून त्यावर हात अधिक जपून चालवायचा. घरी उघडलास याचा मला राग नाही. गफ्फार मार्केटमधली दुरुस्तीची दुकानं हाकेच्या अंतरावर असताना स्वतः करून बघावंसं वाटलं, हे चांगलंच. राग आहे तो घिसाडघाईचा.

आता ऐक. आधी आजचं तापमान लिहून ठेव. मग बंद कर, चार्जर काढ, झाकण उघडलंस की सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडव. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबायची नाही, टोचायची नाही, तिथेच थांबायचं. कागदावर तळाचं चित्र काढ आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटव. फॅनची पाती बोटाने धरून मगच हवा मार. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. सुरी जवळ आणायची नाही. नवीन पेस्ट अगदी थोडी. पॅड होते त्याच जाडीचे आण. कुणी लिक्विड मेटल सुचवलं तर नाही म्हण. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला खातं.

नंतरचं तापमान पहिल्याशेजारी लिही आणि वही उद्या घेऊन ये. वहीत दोन्ही आकडे नसतील, तर लॅपटॉप दाखवायला येऊ नकोस.