उंबऱ्याच्या आत

देऊळगाव राजा हे बालाजीचं गाव. सिंदखेडच्या जाधव घराण्याशी या गावाची नाळ जोडलेली आहे. आश्विनात इथे यात्रा भरते, दोर ओढून उंच लाठे उभे केले जातात, त्यांच्यावर मंडप चढतो. ज्यांना तिरुपतीला जाणं जमत नाही ते इथे येऊन नवस फेडतात. जालना, चिखली आणि सिंदखेड राजाकडून येणारे रस्ते या गावात येतात. रस्त्यांबरोबर माणसंही आली. कुणी व्यापाराला आलं, कुणी मजुरीला, कुणी नोकरीला, आणि इथलंच होऊन राहिलं.

या गावातल्या एका बालवाडीची ही गोष्ट. शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘इंटरनॅशनल’ असं लिहिलेलं होतं. वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं. त्यांत कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा गोलू होता, मारवाडी किराणा दुकानदाराची नात होती, जैन कापडव्यापाऱ्याचा मुलगा होता. जिचे मामू जेद्दाहला नोकरीला होते, ती मुन्नी होती. आणि रोज सकाळी बंजारा तांड्यावरून व्हॅनमध्ये बसून येणारी छकुली होती.

वर्गाच्या मॅडम मनापासून शिकवत. मुलांना जगाची ओळख व्हावी असं त्यांना फार वाटे. त्यांनी ठरवलं, जानेवारीत ‘देशोदेशीचा दिवस’ साजरा करायचा. वर्गात झेंड्यांच्या माळा लागल्या. जालन्याहून भाड्याने पोशाख आले. एकाला ब्राझीलचा खेळाडू व्हायचं होतं, एकाला अरबी शेख. छकुलीच्या वाट्याला जपानचा किमोनो आला. भारताच्या कोपऱ्यात निरनिराळ्या पोशाखांतली मुलं उभी राहणार होती. त्यांतला बंजारा पोशाख किराणा दुकानदाराच्या नातीला मिळाला.

सरावाच्या दिवशी छकुली त्या पोशाखाजवळ गेली. लाल-पिवळं चमकदार कापड, त्यावर गोल गोल टिकल्या. तिने एका टिकलीवर नख फिरवलं आणि टिकली हातात आली.

“हे आरसे नाहीत,” छकुली म्हणाली. “आरसा शिवतात. माझी दादी शिवते.”

“हात लावू नकोस बाळा, भाड्याचं आहे,” मॅडम घाईत म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी व्हॅन बंद पडली, म्हणून छकुलीला घ्यायला तिची दादी आली. फाटकाशी उभी राहिली. अंगात घेरदार फेटिया, आरसे आणि कवड्या जडवलेली कांचळी, डोक्यावरून घेतलेली ओढणी, मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. शाळा सुटली तशी मुलं फाटकाकडे धावली.

“मॅडम, फॅन्सी ड्रेसवाली आजी आली!” गोलू ओरडला. सगळी मुलं हसली.

छकुली फाटकापर्यंत आली होती. ती थांबली. दादीने हात पुढे केला, तसा तिने आपला हात पाठीमागे नेला आणि मावशींच्या पदराआड जाऊन उभी राहिली.

मावशी म्हणजे शाळेतल्या मदतनीस. वर्ग झाडणं, मुलांना खाऊ देणं, रडणाऱ्याला उचलून घेणं हे त्यांचं काम. त्यांनी छकुलीची समजूत काढली, तिला दादीबरोबर पाठवलं, आणि मग मॅडमजवळ येऊन म्हणाल्या, “मॅडम, माझं माहेर मेहुणा राजा. आमच्या गावचा चोखोबा. एवढा मोठा संत, पन त्याले देवळाच्या आत जाऊ दिलं नाही. जलमभर बाहेर उभा ऱ्हायला. आता पंढरपुरात महाद्वारापाशी त्याची समाधी हाये, इथं धरणाच्या पाण्याले त्याचं नाव हाये. पन जित्तेपणी तं तो बाहेरच होता ना? आपली ही पोरगी वर्गात बसते, तिचं घर मात्र फाटकाबाहेर उभं हाये. आज पोरीलेच त्याची लाज वाटली. हे बरं नाही झालं.”

मॅडम काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी गेल्यावरही त्यांच्या डोळ्यांसमोरून छकुलीचा तो मागे गेलेला हात हलेना. बालवाडीचा कोर्स करताना वाचलेली एक हकिगत त्यांना आठवली. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधनं आणण्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, जे मुलांच्या भोवती होतं तेच शिकवायला घेतलं. तिथूनच ‘अंगणवाडी’ रुजली, आणि 1975 पासून सरकारी योजनेतून ती देशभर पोहोचली. मॅडमना वाटलं, त्या बायांनी मुलाच्या अंगणाला शाळेचा मान दिला. आपण मात्र मुलाला शाळेत घेतलं आणि त्याचं अंगण मागेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम व्हॅनमध्ये बसून तांड्यावर गेल्या. दादी ओट्यावर शिवत बसली होती. मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, “दादी, तुम्ही आमच्या वर्गात याल का? मुलांना हे काम दाखवा.”

दादी संकोचली. “मी काय दाखवणार मॅडम? मला लिहिता येत नाही.”

“मला आरसा शिवता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही शिकवा, मीही शिकेन.”

शनिवारी दादी आली. फाटकातून आत आली, वर्गात आली, सतरंजीवर मधोमध बसली. मुलं गोल करून बसली. दादीने बोटाच्या पेराएवढा आरसा कापडावर ठेवला. आधी दोऱ्याचे आडवे-उभे ताण त्याच्यावरून घेतले, म्हणजे आरसा हलत नाही. मग त्या ताणांना धरून कडेने गोल टाके घालत गेली. टाक्यावर टाका बसत गेला आणि दोऱ्याची एक कड आरशाभोवती उभी राहिली.

“आता ओढ,” तिने गोलूला सांगितलं. गोलूने जोर लावून ओढलं. आरसा निघाला नाही.

मग मॅडमनी नकाशा उघडला. रेल्वे येण्याआधी बंजारा लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून कसे हिंडत, ते त्यांनी मुलांना सांगितलं. गोलूने विचारलं, “किती बैल?” दादी म्हणाली, “माझी आजी सांगायची, पुढचा बैल पाण्यावर पोचला तरी मागचा दिसत नसे.” वर्ग गप्प होऊन ऐकत राहिला. छकुली दादीच्या मांडीला टेकून बसली होती. शाळा सुटल्यावर ती दादीचा हात धरून फाटकाबाहेर पडली.

त्या दिवसापासून दर शनिवारी एका घराची पाळी लागली. मुन्नीची नानी आली. शेवया तुपात परतून तिने शीरखुर्मा केला आणि त्यात मामूंनी जेद्दाहहून पाठवलेला खजूर घातला. मुलांनी नकाशावर देऊळगाव राजापासून जेद्दाहपर्यंत दोरा लावला. मधला समुद्र बघून सगळ्यांनी डोळे मोठे केले. मारवाडी आजीने शेवया चाखून सांगितलं की आमच्याकडेही करतात, फक्त खजूर नाही घालत. जैन मुलाची आई आली. आपण बटाटा का खात नाही, सूर्य मावळायच्या आत का जेवतो, हे तिने मुलांना समजेल असं सांगितलं. जमिनीखालून काही उपटलं की त्याच्याबरोबर बारीक जीव मरतात, ते मरू नयेत म्हणून. तोवर डब्यात बटाटा नसतो म्हणून मुलं त्या मुलाला चिडवत. सोमवारी मावशींनी खिचडी करताना त्याच्यासाठी बिनबटाट्याची वेगळी काढली आणि चार मुलं म्हणाली, आम्हालाही तीच द्या.

गोलूच्या वडिलांना मात्र हे पटलं नाही. ते शाळेत आले. “मॅडम, आम्ही फी भरतो ती पोरानं इंग्रजी शिकावं म्हणून. दर शनिवारी कोणाच्या तरी आज्या येऊन बसतात, याचा काय उपयोग?”

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. “इंग्रजी शिकवतेच आहे भाऊ, आणि नीट शिकवेन. पण पुढच्या शनिवारी तुमच्या घराची पाळी आहे. कोण येणार?”

“आमच्याकडे काय दाखवणार?” ते म्हणाले. “आम्ही साधी शेतकरी माणसं. आमच्यात वेगळं असं काही नाही.”

“आबा येतील का?”

शनिवारी गोलूचे आबा धोतर-टोपीत आले. काखेत ज्वारीच्या धांड्यांची पेंढी. त्यांनी एक धांडा घेतला, नखाने त्याची साल उभी सोलली, आतला पांढरा, मऊ गर वेगळा केला. गराचे तुकडे केले, सालीच्या काड्या त्यांत टोचून तुकडे एकमेकांना जोडले. बघता बघता बैलगाडी झाली. चाकं फिरली, जू बसलं, धुराही आली. मुन्नीने विचारलं, “आबा, खिळा कुठंय?” आबा म्हणाले, “खिळा लागतच नाही माय. सालीनंच सगळं धरून ठेवलंय.”

गोलूचे वडील दाराशी उभे होते. लहानपणी अशा किती गाड्या आपण केल्या, त्या आपल्या मुलाला एकदाही करून दाखवल्या नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते आत आले, सतरंजीवर बसले आणि उरलेल्या धांड्यांची साल काढू लागले. दुसऱ्यांच्या घरांना मान मिळतो म्हणून त्यांना राग आला होता. आपल्या घरालाही तितकाच मान आहे हे दिसलं, तसा राग गेला.

जानेवारी आला. भाड्याचे पोशाख मॅडमनी परत पाठवून दिले होते. झेंड्यांच्या माळा मात्र राहू दिल्या. ‘देशोदेशीचा दिवस’ ठरल्याप्रमाणे झाला. मुलं आपापल्या घरच्या कपड्यांत आली आणि आपापल्या घरची वस्तू घेऊन बसली. पाहुण्यांना मुलंच समजावून सांगत होती. गोलू सांगत होता आरसा कसा शिवतात. छकुली सांगत होती धांड्याची साल कशी काढतात. मुन्नी सांगत होती बारीक जीव मरू नयेत म्हणून काय करतात. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरची गोष्ट येत होती.

तेवढ्यात छकुलीने वरच्या माळेतला पांढऱ्या कापडावर लाल गोल असलेला झेंडा दाखवला. “मॅडम, हा जपान ना? जपानच्या मुलीची दादी काय शिवते?”

पोशाख घालायला दिला होता तेव्हा तिने जपानबद्दल काहीच विचारलं नव्हतं. मॅडमनी मोबाईलवर शोधलं आणि चित्र दाखवलं. जपानच्या खेड्यांतल्या बाया जुनं विरलेलं कापड टाकून न देता त्याचे थर एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवत. निळं कापड, पांढरा दोरा. त्याला साशिको म्हणतात. मावशींनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तं गोधडी हाये!” दादीने मोबाईल हातात घेऊन टाके निरखले. “हात चांगला आहे तिचा,” ती म्हणाली. “टाका एकसारखा पडलाय.”

त्या दिवशी वर्गाला जपान कळला.

तात्पर्य : लहान मुलाला जगाचा आदर शिकवायचा असेल तर आधी त्याच्या स्वतःच्या घराला वर्गात जागा द्यावी, आणि ती प्रत्येक मुलाच्या घराला सारखी द्यावी. भाड्याचा पोशाख एका दिवसापुरता अंगावर चढतो. शेजारी बसलेल्या मित्राची आजी काय करते, काय खाते, काय जपते, हे ज्याने जवळून पाहिलं, त्याला दूरच्या माणसाचा तिरस्कार करणं अवघड जातं. ज्या तालुक्यात चोखोबा जन्मले तिथल्या शाळांवर हे ऋण अधिक आहे. कोणाचंही मूल आत आणि त्याचं घर बाहेर, असं आपल्या वर्गात होऊ देऊ नये.