शेजारचा तक्ता

कारेगावात राहायचं आणि रांजणगाव एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं तपासायची, यात माझी बरीच वर्षं गेली. मायक्रोमीटर येतो, 20 अंश सेल्सिअसच्या खोलीत विसावतो, स्लिप गेजवर पारखला जातो आणि पुढच्या तपासणीच्या तारखेचं स्टिकर लावून परत जातो. त्यामुळे उज्जैनच्या वेधशाळेत शिरल्यावर पहिला प्रश्न धंद्यातलाच पडला: या दगडी उपकरणांना तपासायचं कशाशी लावून?

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली ही यंत्रं पुढे मोडकळीस आली. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी त्यांची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे वेधशाळेचे अधीक्षक झाले. देवळाच्या दुरुस्तीत कोनाडा बोटभर सरकला तर देव रागावत नाही. सम्राट यंत्राचं, म्हणजे इथल्या दगडी सूर्यघड्याळाचं, तसं नाही. त्याच्या तिरक्या भिंतीची धार पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवी. म्हणजे नेमकी उत्तर-दक्षिण, आणि गावाच्या अक्षांशाइतकी चढती. जयसिंगाच्याच जयपूरच्या थोरल्या सम्राट यंत्रावर सावली मिनिटाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर सरकते. तिथे धारेची जागा दोन मिलिमीटरने हलली, की जवळपास दोन सेकंद गेले. गिलावा गुळगुळीत झाला, भिंत नवी दिसू लागली, आणि उपकरण मेलं, असंही होऊ शकतं. म्हणून थापी हातात घेण्याआधी दिशा, कोन आणि पातळी आकाशाकडे बघून पक्की करायची. रेघा सगळ्यात शेवटी.

त्यात सावलीला धड कडही नसते. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी. जयपूरच्या यंत्रावर त्या सावलीची धूसर किनार तेरा-चौदा सेंटिमीटर रुंद पडते. जाणकार तिथे पृष्ठभागाजवळ दोरा धरतात आणि दोऱ्याची सावली कुठे विरते ते पाहतात. एवढ्या प्रचंड बांधकामाची अचूकता अखेर एका दोऱ्यावर येऊन ठरते.

उज्जैनला मला सगळ्यात भावला तो मात्र यंत्राशेजारचा तक्ता. यंत्र तिथली स्थानिक वेळ दाखवतं. भारतीय प्रमाणवेळ हवी तर कोणत्या दिवशी किती मिनिटं मिळवायची, ते तक्ता सांगतो. घड्याळाशी जुळवायला कुणी रेघा सरकवल्या नाहीत. आमच्या कामातही हाच धडा आहे. मायक्रोमीटर किती फरक दाखवतो ते प्रमाणपत्रावर लिहायचं, लपवायचं नाही. वापरणारा हिशेब करून घेतो.

परतल्यावर गच्चीवर पावणेएकोणीस अंशांच्या चढाची पट्टी बसवली. फेब्रुवारीच्या मध्यात तिची सावली बाराच्या रेघेवर आली, तेव्हा मोबाईलमध्ये 12 वाजून 47 मिनिटं झाली होती. शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, रेघाच थोड्या सरकवा ना, जुळेल.” जुळलं असतं. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीच सावली बाराला सव्वाबाराच्या सुमारासच पोचते. तेव्हा अर्ध्या तासाची चूक पडली असती.

मी पट्टीखाली तक्ता चिकटवला. सवयीने पुढच्या तपासणीची तारीख लिहायला गेलो आणि पेन खाली ठेवलं. इथे तपासनीस रोज दुपारी येतो.