सौद्यात संशय घ्यावा काय?

सज्जनहो, एका गावी कीर्तन आटोपून आम्ही पारावर टेकलो होतो. एक तरुण पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, तुम्ही म्हणता सगळ्यांच्या ठायी देव पाहा. घरचे म्हणतात, मोबाईलवर कुणाचा विश्वास धरू नको. मग खरं कुणाचं मानायचं?" प्रश्न साधा होता, पण आम्हाला झोंबला. कारण त्याच पंधरवड्यात आम्ही स्वतः नागवलो गेलो होतो, आणि ते कोणाजवळ बोललो नव्हतो.

झाले असे. आमची एक जुनी पेटी विकायची होती. नातवाने तिचे छायाचित्र काढून मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जाहिरात दिली. किंमत ८,००० रुपये. तासाभरात फोन आला. गृहस्थ म्हणाला, मी फौजेत आहे, बदली झाली आहे, मुलीला गाणे शिकवायचे आहे. पेटीचा भाता कसा, सूर फुटतात काय, एक अक्षर विचारले नाही. घासाघीसही नाही! वर गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्र धाडले. आम्ही अगदी विरघळलो. मग ठिपक्याठिपक्यांचा तो चौकोन आला, ज्याला क्यूआर म्हणतात. "बाबा, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." आधी ५ रुपयांचे करून दाखवले, आणि खरोखरच १० परत आले. मग ८,००० चा चौकोन. पैसे आले नाहीत, गेले. "चूक झाली, परतावा करतो, हा दुसरा स्कॅन करा." सज्जनहो, आम्ही तोही केला. पेटी घरात आहे, १६,००० रुपये गेले.

यूपीआयची ही पद्धत देशात २०१६ साली सुरू झाली. तिचा नियम पोरासोरांनाही कळेल इतका सोपा आहे. पिन लागतो तो पैसे देताना, किंवा आपली शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी ना पिन लागतो ना चौकोन. हे आम्हाला ठाऊक नव्हते असेही नाही, नातवाने सांगितले होते. मग बुद्धी कुठे गेली होती?

लहानपणी पाठशाळेत आम्ही न्यायशास्त्र घोकले. शब्द हे प्रमाण खरे, पण ते आप्ताचे असेल तर. आणि आप्त म्हणजे जसे आहे तसे सांगणारा. गणवेश अंगावर आहे एवढ्याने कोणी आप्त होत नाही, आणि इथे तर गणवेशही नव्हता, गणवेशाचे चित्र होते. त्या चित्रावर आम्ही आमचा सैनिकांविषयीचा आदर चढवला, शिंपीवर चांदीचा भास व्हावा तसा. लोभी माणूस फसतो असे आम्ही कीर्तनात शंभरदा सांगितले असेल. पण इथे आम्हाला लोभ नव्हता, संकोच होता. "एवढ्या भल्या माणसाला खोटे कसे म्हणावे?" ठक असतात ते या संकोचावरच जगतात.

आता तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. माणसाच्या ठायी देव आहे, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द खरा, हे कोणत्या शास्त्रातले अनुमान? सोनार सगळ्यांचेच सोने कसोटीवर घासतो. त्यात कोणा एकाचा अपमान नसतो. परीक्षा बोलण्याची करायची, माणसाचा तिरस्कार करायचा नाही. तुकोबांच्या चरित्रात कथा येते की, मिरच्या विकून परतताना त्यांना एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळेचे कडे विकले. ती ऐकून आम्ही नेहमी तुकोबांच्या भोळेपणापुढे हात जोडतो. पण ते कडे घरी आले तेव्हा चूल कोणाची थंडावली, हे विचारायचे आम्ही विसरतो. भोळेपणाची किंमत पुष्कळदा दुसराच भरतो.

आणि परीक्षेने ठक ओळखूही येतो. खऱ्या गिऱ्हाइकाला "येऊन वस्तू पाहा, वाजवून बघा" म्हटले की त्याला बरे वाटते. खोट्याला राग येतो, किंवा घाई सुटते. पैसे पाठवल्याचे चित्र तो दाखवील, बँकेसारखा दिसणारा संदेशही धाडील. त्यावर न जाता आपल्या खात्यातली शिल्लक आपण पाहावी. कोणी ओटीपी मागितला, किंवा "हे ॲप घाला म्हणजे मदत करतो" म्हणाला, तर फोन ठेवावा. त्यातल्या काही ॲपांनी आपला पडदा त्याला दिसू लागतो. विकत घेतानाही तेच. निम्म्या किमतीची वस्तू, खाली पन्नास जणांची वाहवा! पंचतंत्रातल्या ब्राह्मणाला बोकड हे कुत्रे आहे असे पटवायला तीन ठक पुरले होते. इथे एकटा ठक पन्नास नावांनी बोलू शकतो.

पण खरी गोष्ट अजून सांगायची राहिली. फसल्यावर आम्ही लाजलो. कीर्तनकार, चार शास्त्रे शिकलेला, आणि पोराच्या खेळाने गंडला, असे लोक म्हणतील! नातू म्हणत होता, १९३० ला आत्ता फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी कधीकधी अडवता येतात. आम्ही चार दिवस घालवले. मग तक्रार केली, तेव्हा ते खाते रिकामे झाले होते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात संगणकाच्या साह्याने तोतया होऊन फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चारशेवीस कलमाची जागाही १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेतल्या ३१८ ने घेतली. चारशेवीस ही शिवी मात्र तशीच राहिली. पण तक्रारच नसेल तर कायदा कोणाला धरणार?

त्या मौनाच्या दिवसांतच आमच्या साथीच्या पखवाज्याने जुनी दुचाकी पाहिली. विकणारा फौजी, बदली झालेला, छायाचित्र गणवेशातले. गाडी पोचवण्याचे भाडे, मग कर, मग विमा, असे करत त्याचे १४,५०० रुपये गेले. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले. आमची हकीगत कळल्यावर त्याने एवढेच विचारले, "महाराज, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?" आम्ही हो म्हणालो. तो पखवाजाला कणीक लावत राहिला.

आता दर कीर्तनात आरतीआधी आम्ही स्वतःची ही फजिती सांगतो, आणि १९३० हा आकडा श्रोत्यांकडून तीनदा म्हणवून घेतो. त्या वेळी पखवाजी मान खाली घालून शाईवरून बोट फिरवत बसतो.