विकायचा मासा, खायचा मासा

सातपाटी म्हटलं की पापलेट. 2023 साली महाराष्ट्र सरकारने ज्याला राज्यमासा ठरवलं, तेच. पापलेटाला आकारानुसार दर मिळतो. मासा मोठा, तसा किलोमागचा भावही चढा. त्यामुळे मोठं पापलेट शक्यतो विकायला जातं आणि घरच्या कालवणात मांदेली, बोंबील पडतात.

आता समजा, एखाद्या मच्छीमार घराने एक मोठं पापलेट विकलं नाही, जावई येणार म्हणून ठेवून घेतलं. खिशातून एक रुपया गेला नाही, पण बंदरावर मिळाले असते ते सगळे पैसे त्या दिवशी ताटात वाढले गेले. डिझेलची उधारी बाकी असताना ही उधळपट्टी नाही का?

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली दाखवलं की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे 2023-24च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागात हा वाटा सुमारे 47 टक्के निघाला, शहरांत सुमारे 40. यावरून आपल्याला वाटतं, गरिबाचं खाणं म्हणजे निव्वळ पोट भरणं.

तसं नाही. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन (ज्यांना पुढे 2015चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी 1983च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतली ग्रामीण महाराष्ट्राची आकडेवारी तपासली. हाती थोडे जास्त पैसे आले की अन्नावरचा खर्च वाढतो. पण त्या वाढीतला साधारण निम्माच भाग जास्त उष्मांकांवर जातो. उरलेला निम्मा जातो महागड्या उष्मांकांवर, म्हणजे स्वस्त भरड धान्याऐवजी जिभेला आवडणाऱ्या अन्नावर. चव आणि मान या गरजा पोट भरल्यानंतर रांगेत येत नाहीत, भुकेच्या बरोबरीनेच येतात.

मग तेच पापलेट मुंबईच्या हॉटेलात हजार रुपये देऊन खाल्लं तर ती खवय्येगिरी आणि सातपाटीत राखून ठेवलं तर अविचार, असं का? कृती एकच आहे. फरक आहे तो चूक पचवण्याच्या ताकदीत. श्रीमंताची उधळपट्टी महिनाअखेरीला कुणाला दिसतही नाही. गरिबाची लगेच उधारीच्या वहीत चढते, म्हणून ती आपल्याला दिसते आणि आपण बोलतो.

म्हणजे कुणी काही बोलूच नये का? बोलावं, पण ज्याला त्या खर्चाची झळ बसणार आहे त्याने. उद्या उधारी मागणाऱ्याला तोंड देणारी त्या घरातली बाई नवऱ्याला म्हणू शकते, "आज विकायला हवं होतं." तो तिचा हक्क आहे. तिच्या घरचं कर्ज ज्याला फेडायचं नाही, त्याने तिच्या ताटाचा हिशेब मांडू नये. त्यापेक्षा एक सणाचं जेवण वहीत का चढावं लागतं, हे विचारावं.