सगळ्यांची हवा

बसा. जिथे असाल तिथेच बसा. खुर्चीत, ओसरीवर, एसटीच्या सीटवर.

पाठ सैल सोडा. हात मांडीवर राहू द्या.

एक श्वास आत घ्या. घाई नको. सोडा.

आत जाणारी हवा नाकपुडीच्या कडेला जराशी गार लागते. बाहेर येणारी कोमट. एवढंच पाहा.

पुन्हा एकदा. आत. बाहेर.

एरवी आपण म्हणतो, माझा श्वास. आज त्या हवेकडे पाहू या. माझ्या छातीत येण्याआधी ती कुठे होती? माझ्याकडून सुटली की कुठे जाते?

उत्तर शोधू नका. प्रश्नाजवळ बसून राहा.

*

मनानं जिंतूरला या.

परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. जवळच नेमगिरीचा डोंगर, त्याच्या पोटात जैन लेणी. तालुक्यातून वाहणारी पूर्णा, तिच्यावर येलदरीचं धरण. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात.

तालुक्यातल्या एखाद्या लहान गावात चला. अंगणवाडीची खोली. आज लसीकरणाचं सत्र आहे.

भिंतीवर मुळाक्षरं रंगवलेली. खाली सतरंजी. दारात चपलांचा ढीग.

आया बसल्या आहेत, कुणाबरोबर सासू आहे. मांडीवर बाळं. एक रडतंय, एक गाढ झोपलंय, एक आईच्या मंगळसूत्राशी खेळतंय.

तुम्हीही बसा. सतरंजीच्या कडेला जागा आहे.

श्वास घ्या.

आत्ता तुमच्या छातीत आलेली ही हवा क्षणापूर्वी कुणाच्या तरी छातीत होती. त्या झोपलेल्या बाळाच्या असेल. त्या म्हातारीच्या असेल. सोडलेली हवा आता दुसऱ्या कुणाकडे निघाली आहे.

सोडा. जाऊ द्या तिला.

*

शेजारच्या घरात फोडणी पडते आणि इकडे आपल्याला ठसका लागतो. मधे भिंत असते, दार लोटलेलं असतं, तरी लागतो. हवा अशीच घरोघर हिंडते. कुणाला विचारत नाही.

गोवर याच हवेतून येतो.

गोवर झालेलं मूल खोकतं, शिंकतं. त्याच्या श्वासाबरोबर विषाणू बाहेर पडतात आणि हवेत तरंगत राहतात. मूल खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत ते तिथे राहू शकतात.

ती रिकामी खोली डोळ्यांपुढे आणा. सतरंजी गुंडाळलेली. खिडकीतून ऊन आत आलेलं. कुणीही नाही. सगळं स्वच्छ दिसतं आहे.

तरी हवा रिकामी नाही.

या न दिसणाऱ्या गोष्टीजवळ थोडं थांबा. घाबरू नका. फक्त थांबा.

*

आता त्या आजारी मुलाकडे पाहा.

अजून अंगावर काही उठलेलं नाही. ताप आहे. नाक वाहतं आहे. डोळे लाल, पाणावलेले. आईला वाटतं, साधी सर्दी आहे. ती त्याला कडेवर घेऊन बाजार करते, देवळात जाते, बहिणीकडे जाते.

मग कानामागे, कपाळाच्या कडेला, पहिले लाल ठिपके येतात. चेहऱ्यावरून खाली छातीवर, पोटावर, पायांवर उतरतात.

गोवर निघाला, म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. घरात फोडणी बंद होते. बाहेरच्यानं आत यायचं नाही.

या जुन्या रीतीत शहाणपण आहे. आजारी मुलाभोवती गर्दी नको, हे त्या आज्यांना ठाऊक होतं.

पण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते मूल इतरांना गोवर देत असतं. डहाळा दाराला लागेपर्यंत ते चार दिवस निघून गेलेले असतात. बाजार होऊन गेलेला असतो. बहिणीच्या घरी जाऊन आलेलं असतं.

कुणाचाच दोष नाही यात. आई प्रेमानंच त्याला कडेवर घेऊन हिंडली.

श्वास घ्या. सोडा.

आजूबाजूच्या कुणालाच संरक्षण नसेल, तर गोवर झालेलं एक मूल १२ ते १८ जणांना गोवर देतं. त्या प्रत्येकाकडून पुन्हा तितक्यांना.

१८ चेहरे डोळ्यांपुढे आणा. तुमच्या आळीतले. सावकाश. एकेक चेहरा पाहा.

*

आता खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळा.

तिथे एक निळी पेटी आहे. सिस्टर तिचं झाकण उघडतात. आतून गारवा हाताला लागतो. चारी बाजूंनी बर्फाची पाकिटं, मधे लहानशा कुपी. बाहेर चाळीस अंश. आत २ ते ८ अंश. इतकी दूर, एवढ्या उन्हातून, ही थंडी कुणीतरी जपत आणली आहे.

सिस्टर एक कुपी उचलतात. डोळ्यांजवळ नेतात.

तुम्हीही वाकून पाहा.

झाकणावर एक छोटं वर्तुळ आहे. वर्तुळाच्या आत एक फिकट चौकोन. लशीला ऊब लागत गेली की हा चौकोन गडद होत जातो. तो भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस वापरायची नाही.

आज चौकोन फिकट आहे. सिस्टर मान हलवतात.

कुपीच्या तळाशी पांढरी कोरडी भुकटी. गोवर-रुबेलाची लस. सिरिंजमध्ये द्रावण ओढून त्या कुपीत सोडतात. कुपी हळूच फिरवतात. भुकटी विरघळते, पाणी नितळ होतं. मग पेन काढून कुपीवर वेळ लिहितात. आता चार तास. त्यानंतर उरलेली लस टाकून द्यायची.

कुठेही घाई नाही. प्रत्येक हालचालीत लक्ष आहे.

हेही मननच आहे. ते त्यांच्या हातात आहे.

"दंड घट्ट धरा, मावशी."

उजवा दंड. बारीक सुई. अर्धा मिलिलिटर. दट्ट्या खाली जातो आणि तिथेच अडकतो. ती सिरिंज पुन्हा वापरता येत नाही.

बाळ क्षणभर गप्प राहतं. मग टाहो फोडतं.

त्या रडण्याजवळ थांबा. ते ऐका. आईनं त्याला छातीशी घेतलंय. रडणं हळूहळू हुंदक्यांवर येतं.

"अर्धा तास बसा हं वहिनी, मग जा," आशाताई सांगतात.

बसा तुम्हीही.

*

आता त्या बाळाच्या आत काय चाललं आहे, तिकडे लक्ष न्या.

लशीत गोवराचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. बाळाचं शरीर त्याला ओळखतं. त्याच्याशी झुंजायला शिकतं. दोनेक आठवड्यांत ही शिकवण पक्की होत जाते. कुठलाही आवाज न करता.

पुढे कधीतरी, बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात, गोवराची हवा या बाळाच्या नाकाशी येईल. आत जाईल. आणि शरीर तिला ओळखेल. विषाणूला वाढायला जागा मिळणार नाही. बाळ खोकणार नाही, ते कुणाला काही देणार नाही.

पुढचा श्वास स्वच्छ सुटेल.

साखळी तिथे तुटेल. कुणाला कळणारही नाही.

न घडलेल्या गोष्टीकडे पाहायला जमतंय का, बघा. न आलेला ताप. न लागलेला डहाळा. न केलेलं जागरण.

आत. बाहेर.

*

खोलीत एक बाळ अजून झोपलेलंच आहे. तीन-चार महिन्यांचं असेल.

त्याला आज गोवराची लस मिळणार नाही. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आईच्या पोटात असताना आईकडून मिळालेलं संरक्षण त्याच्या रक्तात आहे, पण ते महिन्यागणिक ओसरत जातं.

गावात असे आणखीही आहेत. कर्करोगावर उपचार घेणारं एखादं मूल, ज्याला ही लस देता येत नाही. एखादं असं, ज्यानं लस घेतली पण तिचा गुण आला नाही. एका डोसनं शंभरातल्या सुमारे ९३ जणांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनी सुमारे ९७ जणांना. काही जण तरीही उरतात.

त्यांना कोण जपतं?

त्यांच्या भोवतीची माणसं.

मघाचे १८ चेहरे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. आता गावातल्या शंभरांपैकी ९५ जणांना संरक्षण आहे, असं समजा. मग त्या १८ जणांत गोवर जेमतेम एकाला गाठू शकतो. त्याच्या पुढे त्याला वाट मिळत नाही. तो विझतो.

झोपलेल्या बाळाचं पोट वर-खाली होताना पाहा. एवढासा श्वास. ज्या हवेतून तो येतो, ती आपण सगळ्यांनी मिळून राखलेली हवा आहे.

इथे थोडा जास्त वेळ थांबा.

*

आता तुमचा हात हळूच दंडावर न्या. बोटांनी चाचपा.

डाव्या दंडावर बहुतेकांना एक लहानसा खड्डा लागेल. बीसीजीचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातावर याहून मोठा, जुना व्रण असतो. त्यांच्या लहानपणी देवी काढलेल्या आहेत.

देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस दुसऱ्याच्या दंडावर. अशी दंडादंडावरून ती पुण्याला गेली, सुरतेला, मद्रासला, हैदराबादला गेली.

एका लहान मुलीच्या दंडातून.

पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. रुग्ण शोधायचा, त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना टोचायचं, असं करत देवीला वेढत नेलं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आज जन्मणाऱ्या कुठल्याच बाळाच्या तोंडावर देवीचे वण येणार नाहीत.

बोट दंडावरच राहू द्या. आत. बाहेर.

*

सगळ्या लशी एकसारख्या नसतात. हेही शांतपणे जाणून घ्या.

धनुर्वात एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्याची लस ज्याची त्याला राखते. पोलिओचे तोंडावाटे दिलेले थेंब आतड्यात पहारा देतात आणि पसरणं रोखतात. भारतात निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे. कोविडची लस गंभीर आजारापासून चांगली राखते, पण लागण थोपवण्याचं तिचं बळ काही महिन्यांत ओसरतं.

गोवराची लस मात्र दोन्ही कामं करते. ज्याला टोचली त्याला जपते. ज्याला टोचता येत नाही त्यालाही जपते.

आणि हे जपणं सैल पडलं की गोवर परत येतो. २०२२ च्या अखेरीस तो मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांतून पसरला. कोविडच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले होते. काही मुलं दगावली.

त्या घरांसाठी एक श्वास घ्या.

सोडा.

*

पुन्हा अंगणवाडीत या. अर्धा तास होत आलाय. आया उठू लागल्या आहेत. आशाताई वही उघडून नावं पाहतात. काही नावांपुढची जागा कोरी आहे.

ती घरं ऊसतोडीला गेली आहेत. दिवाळीच्या सुमारास कुलूप लागलं, ते अजून उघडलेलं नाही. पाचटात, कोपीत, बैलगाडीवर ती मुलं वाढताहेत. गावातल्या सत्राचा दिवस त्यांच्याशिवाय निघून जातो.

त्या कोऱ्या जागेकडे पाहा. रागावू नका. पोटासाठी गेलेली माणसं आहेत ती. तीही याच हवेत परत येणार आहेत.

शेवटचा एक श्वास सावकाश घ्या. सावकाश सोडा.

आता उठा, आणि कपाटातलं लसीकरणाचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. दोन्ही रकान्यांत तारीख आहे का, ते पाहा. एखादा राहिला असेल तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत देता येतो. शेजारचं घर उसावरून परतलं असेल तर त्यांनाही विचारा, आणि पुढच्या सत्राला त्यांच्या मुलांना सोबत घेऊन जा.