शांत राहा, असं कोणी कोणाला सांगायचं?



मागच्या वर्षी ह्यांची बायपास झाली. घरी आणल्यावर मी दिवसातून वीस वेळा म्हणायचे, "अहो, शांत राहा, टेन्शन घेऊ नका." एक दिवस हे म्हणाले, "आता शांत राहण्याचंच टेन्शन आलंय मला!" मी गप्पच झाले.

रात्री विचार केला. घाबरलेली तर मी होते. माझी भीती मी उपदेश करून त्यांच्या डोक्यावर ठेवत होते. ही सेवा कशी म्हणायची? सकाळी त्यांना सांगून टाकलं, "मला भीती वाटते हो." ते म्हणाले, "मलाही." त्या दिवशी घर जरा हलकं झालं.

ह्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेने बांधतात. ते जुळून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. खोकला आला तरी माणूस घाबरतो, छातीशी उशी धरून खोकतो. भीतीने श्वास उथळ होतो, आणि उथळ श्वासाने भीती आणखी वाढते.

म्हणून ठरवलं, सांगायचं नाही, सोबत बसायचं. डॉक्टरांना विचारून घेतलं. संध्याकाळी दिवा लावला की टीव्ही-मोबाइल बंद. हे पाठीला उशा लावून बसत, मी शेजारी. श्वास सहज घ्यायचा, सोडताना थोडा लांबवायचा आणि मनात नाम घ्यायचं. श्वास रोखायचा नाही, छातीवर जोर द्यायचा नाही. मग पायाच्या बोटांपासून खांदे, जबड्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा. बस, दहा मिनिटं. मन भटकलं तर चिडायचं नाही, पुन्हा नामावर यायचं. हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन ह्यांनीही १९७५ च्या पुस्तकात हीच रीत सांगितली आहे: एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणा, मन भरकटलं तर सहज परत या.

पण एक लक्षात ठेवा. नाम हे गोळ्यांच्या जागी नाही. छातीत दुखलं, धाप लागली, तर डोळे मिटून बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. श्रद्धेची परीक्षा अशी घ्यायची नसते.

आपल्या घरी कोणी आजारी असेल, तर "शांत राहा" म्हणण्याआधी क्षणभर आपला स्वतःचा श्वास बघा. मग शेजारी जाऊन बसा.

गुरुचरणी ही सेवा रुजू असो 🙏
एक साधक भगिनी, इंदूर