मीठ येईपर्यंत

थांबा. पेला अजून उचलू नका.

डिसेंबरची संध्याकाळ आहे. भातकुलीतली एक ओसरी. अंगणात गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि जाळावर वांगं.

साल तडकते. ऐका.

पुन्हा एकदा ऐका.

बाटली दिंडोरीकडची आहे, शिराझ. तिकडे वाइनची द्राक्षं पावसाळा सरता सरता छाटतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. युरोपात हीच खुडणी पाऊस-थंडीच्या तोंडावर होते. आपल्याकडे वेल पावसाला चुकवून पिकते.

बाटलीला हात लावा. गार आहे, पण बर्फासारखी नाही. पंधरा-सोळा अंश पुरे, आणि ते आज या ओसरीनंच दिलेत. वैशाखात असाल, तर आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हे वऱ्हाडातल्या खोलीसाठी कुणी सांगितलेलं नाही.

ओता. पेल्याचा तिसरा हिस्सा, जास्त नको.

आता नुसतं बघा. कडेला जांभळा, मधे गडद. दिव्यासमोर धरा. हात स्थिर होऊ द्या.

श्वास आत घ्या. सावकाश. आधी जांभूळ येतं, मग मागून काळी मिरी. खरोखरची मिरी: तिला जो वास देतो, तोच घटक शिराझच्या सालीतही असतो.

श्वास सोडा. अंगणातला धूर मधे आला, तर येऊ द्या.

एक घोट. गिळायची घाई नको.

ताकाइतकी दाट नाही, पाण्याइतकी हलकी नाही. जिभेच्या कडांना आंबट. मग हळूहळू तुरट. जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ खरबरीत होते. द्राक्षाच्या सालीतलं, बीतलं टॅनिन लाळेला धरून ठेवतंय. कडक कोऱ्या चहातही तेच असतं.

थांबा इथं.

सहा चवी मोजा. आंबट आहे. तुरट आहे. कडू, किंचित. गोडाचा भास आहे. मिरीचा तिखट वासही आहे.

खारट नाही.

या रिकाम्या जागेपाशी थोडं बसा.

वांगं आता सोललं जातंय. बोटांना चटका, फुंकर, पुन्हा चटका. पातीचा कांदा, तेल, मीठ. ज्वारीची भाकर. ठेचा आज बाजूला राहू द्या. वऱ्हाडी माणसाला हे सांगणं धाडसाचंच आहे. पण मिरचीचा जाळ अल्कोहोलनं आणखी भडकतो, आणि मग पेल्यात काय होतं ते कळतच नाही.

भाकरीचा तुकडा मोडा. भरीत घ्या. चावा, सावकाश.

धूर. तेल. आणि मीठ.

आता दुसरा घोट.

तीच वाइन आहे. तोच पेला. पण तुरटपणा बसला, जणू कुणी उसळलेली धूळ पाणी शिंपडून बसवली. मिठानं कडवटपणा दबला, तेलानं जीभ मऊ केली. जांभूळ पुढे आलं. धुराला धूर भेटला.

काही बोलू नका. चव जाऊ द्या. ती कुठपर्यंत जाते, तेवढं बघा.

तिसरा घोट हवा असेल तर घ्या. नको असेल तर पेला तसाच राहू द्या.

ओसरीपलीकडे अंधारात तूर उभी आहे. तिच्याखाली काळी माती, आणि मातीखाली खारं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावतीपासून अकोला, बुलडाण्यापर्यंत पसरला आहे. इथं मीठ भुईतच आहे.

आता तांब्या घ्या. साधं पाणी प्या, घोट घोट.

ते गोडं लागतंय. इथल्या विहिरीचं नाही ते.